थांबणारे चित्र आणि धावणारे चित्र

चर्च आणि सिनेमा यांचे हाडवैर आहे, असा एक समज आपल्या सुशिक्षित समाजात रूढ आहे. तो सर्वस्वी खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. ज्या लवचीक, पारदर्शक पट्टीवर पुढे सारा चित्रपट उभा राहिला, ती बनविण्याच्या खटपटीत अमेरिकेतील न्यूअर्क शहराचा एक धर्मोपदेशकच होता. हॅनिबल गुडविन हे त्याचे नाव. बायबलमधील प्रसंग पडद्यावर दाखवावयाचे, तर त्या काळी जड आणि ठिसूळ अशा काचेच्या चित्रांवाचून गत्यंतर नसे. ती वारंवार फुटत. म्हणून या गृहस्थाने न फुटणाऱ्या पदार्थाचा शोध आरंभिला, आणि १८८७ साली सेल्युलॉइडच्या फिल्मसाठी पेटंटचा अर्ज केला. पेटंट हाती पडावयास १८९८ साल उजाडले, आणि १९०० साल संपता संपता तो निवर्तला. त्याच्या हक्कापायी ईस्टमन कोडॅकविरुद्ध चाललेला दावा त्याच्या पश्चात १९१४ मध्ये निकाली निघाला. तात्पर्य, फिल्मच्या जन्मकथेतच धर्मशिक्षणाचा धागा गुंतलेला आहे.

धर्माने चित्राचा आधार घ्यावा की न घ्यावा, हा वाद त्याहून कितीतरी जुना. इसवी सन ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपाने चर्चमधील चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप ग्रेगरी याने पत्र लिहून त्याला समज दिली, की वाचकाला ग्रंथ जे देतो तेच निरक्षराला चित्र देते. पाश्चात्त्य चर्चने पुढे शतकानुशतके या पत्राचा आधार सांगितला. सतराव्या शतकात जादूचा कंदील निघाला, तेव्हा अथानासिउस किर्खर या जेजुइट पंडिताने १६७१ च्या आपल्या ग्रंथात त्याची आकृती दिली, ती ज्वाळांत होरपळणाऱ्या आत्म्याच्या चित्रासह! आपणां मराठी माणसांना यात अपरिचित असे काही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचा चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील कथा लावतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील चित्रांचे खेळ केले, तेही पुराणकथांचेच. या साऱ्या प्रकारांत एक गोष्ट समान होती. चित्र एका जागी स्थिर असे आणि त्याच्याशेजारी एक बोलणारा माणूस उभा असे.

या जोडीचे सामर्थ्य आणि तिची नाजूक जागा, दोन्ही डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतील प्रवासवर्णनात एकाच प्रसंगात दिसतात. १८५४ साली, आजच्या झांबियाच्या भागात, शिंटे नावाच्या नायकाच्या दरबारात त्याने जादूच्या कंदिलाचा खेळ केला. पहिलेच चित्र अब्राहामाचे होते. पुत्राचा बळी देण्यासाठी सुरा उगारलेला तो पिता पडद्यावर दिसत असता आणि लिव्हिंग्स्टन त्याची कथा सांगत असता, दरबारातील स्त्रिया स्तब्ध होऊन ऐकत होत्या. मग पुढचे चित्र आणण्यासाठी त्याने काच सरकवली, तो उगारलेला सुरा आपल्याच दिशेने येत आहे असे वाटून त्या स्त्रिया आईच्या नावाने आक्रोश करीत पळत सुटल्या. लोकांनी पुन्हा करा म्हणून आपल्यापाशी आग्रह धरला, असा शिकविण्याचा हा एकच प्रकार, असेही त्याने नमूद केले आहे. प्रसंग हास्यकारक खरा. पण धर्मशिक्षणातील चित्राविषयी विचार करणाऱ्याने तो विसरू नये. चित्र थांबले होते तोवर त्या स्त्रिया कथा ऐकत होत्या. चित्र हलले आणि कथा संपली. उरला तो केवळ परिणाम.

विसाव्या शतकात या परंपरेला दोन फाटे फुटले. एक चित्रपटाचा आणि दुसरा फिल्मस्ट्रिपचा, म्हणजे स्थिर चित्रांच्या पट्टीचा. १९२३ साली कोडॅकने सोळा मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली. ती जुन्या फिल्मसारखी भडकन पेट घेणारी नव्हती. त्यामुळे सिनेमागृहाच्या बंदिस्त खोलीबाहेर, शाळेच्या वर्गात वा चर्चच्या दालनातही यंत्र लावणे शक्य झाले. इंग्लंडात जे. आर्थर रँक हा पीठगिरणीवाल्याचा मुलगा मेथॉडिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवीत असे. १९३३ साली त्याने धार्मिक चित्रपटांसाठी एक संस्था काढली, आणि त्या लहानशा वाटेने चालत जाऊन तो ब्रिटिश चित्रपटधंद्याचा सर्वांत मोठा धनी झाला. अमेरिकेत जेम्स फ्रेडरिक या धर्मोपदेशकाने हॉलिवूडमध्येच ‘कॅथीड्रल फिल्म्स’ उभारली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिक्षणासाठी फिल्म आणि यंत्रे यांचा सढळ वापर झाला, आणि युद्ध संपल्यावर ती विद्या शाळांत आणि चर्चमध्ये पसरली. १९३६ च्या पोपच्या परिपत्रकात चित्रपटाच्या दुष्परिणामांची चिंता प्रमुख होती. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र या साधनांचा स्वीकार व सदुपयोग करण्याचे धोरण आखले. म्हणजे साधनाविषयीचा वाद तेथे मिटला. साधनाचा कस कोणता, हा वाद मात्र उरला, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

तो कस ठरविण्यापूर्वी फिल्मस्ट्रिप वर्गात कशी चाले हे पाहावयास हवे, कारण आजच्या वाचकाने ती कदाचित पाहिलीही नसेल. पस्तीस मिलिमीटरची एक लहानशी गुंडाळी, तीवर तीस-चाळीसांपासून साठ-सत्तरांपर्यंत चित्रे, एक दिवा, एक भिंग आणि बाजूला फिरवावयाची कळ. सोबत एक छापील पुस्तिका. शिक्षकाने कळ फिरवावी, चित्र यावे. शिक्षकाने बोलावे, मुलांनी विचारावे. वाटल्यास मागचे चित्र पुन्हा आणावे. पुढे कधी जावयाचे हे यंत्र ठरवीत नसे. एखाद्या मुलाने मध्येच शंका काढली, तर यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा तो वाटसरू वाटेतच घायाळ पडून राही आणि तास संपेपर्यंत वर्ग त्याच्याच भोवती घोटाळे. चित्रपटाच्या मानाने हे साधन दरिद्री खरे. पण त्या दारिद्र्यातच त्याची थोरवी होती, असे माझे मत आहे.

या मताचे कारण येशूच्या शिकवणुकीच्या रीतीत आहे. तो दृष्टांतांनी बोलत असे, आणि त्याचे उत्तमोत्तम दृष्टांत ऐकणाऱ्याला अधांतरी सोडून देतात. चांगल्या शोमरोन्याची कथा घ्या. शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने विचारले. उत्तरादाखल कथा आली, आणि कथेच्या शेवटी तोच प्रश्न उलटा फिरून विचारणाऱ्याच्या पदरात पडला. उधळ्या पुत्राच्या कथेत धाकटा परत येतो, मेजवानी होते, थोरला रुसून अंगणात उभा राहतो आणि बाप त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. त्या थोरल्या भावाच्या जागी ऐकणारा उभा आहे. आत जावयाचे की नाही हे त्याने ठरवावयाचे आहे. ज्या शिकवणुकीची रचनाच अशी आहे, तिच्या साधनाला एकच प्रश्न विचारणे न्याय्य होईल. खेळ संपून दिवे लागल्यावर प्रश्न कोणापाशी उरतो? प्रेक्षकापाशी उरत असेल तर साधन सार्थ. पडद्यानेच प्रश्न सोडवून टाकला असेल तर साधन कितीही देखणे असो, ते शिकवीत नाही.

या कसाला काही प्रसिद्ध चित्रपट लावून पाहू. सेसिल डी मिल याचा ‘द किंग ऑफ किंग्ज’ हा १९२७ चा मूकपट मिशनांनी आणि चर्चनी वर्षानुवर्षे देशोदेशी दाखविला. त्याची सुरुवात शुभवर्तमानापासून होतच नाही. ती मग्दालियाच्या मरियेच्या विलासमंदिरापासून होते, आणि ती झेब्रे जुंपलेल्या रथात बसून ख्रिस्ताकडून यहूदाला परत आणावयास निघते. हे सारे तिकीटबारीसाठी, हे उघड आहे. परंतु याच चित्रपटात एक जागा अशी आहे, की तीपुढे टीकाकाराने नमते घ्यावे. ख्रिस्ताचा चेहरा प्रथम दिसतो तो एका आंधळ्या मुलीच्या डोळ्यांतून. पडदा अंधारलेला असतो, हळूहळू उजेड पाझरतो आणि त्या उजेडातून तो चेहरा उमटतो. त्या क्षणी प्रेक्षकही आंधळा असतो आणि पाहण्याची आस त्याचीही असते. डी मिलला दृष्टांताचे मर्म एवढ्या एका ठिकाणी गवसले. उरलेल्या भागात त्याने देखावा मांडला. लक्षात घ्यावयाचे ते हे, की ती जागा जमली, कारण तेथे त्याने क्षणभर चित्र रोखून धरले.

याच्या अगदी उलट वाटेने गेला तो पिअर पाओलो पासोलिनी. मार्क्सवादी आणि अश्रद्ध म्हणून प्रसिद्ध असलेल्या या कवीने १९६४ साली मत्तयकृत शुभवर्तमानावर चित्रपट काढला आणि तो तेविसाव्या जॉन या पोपच्या स्मृतीस अर्पण केला. दक्षिण इटलीतील माटेरासारखी दगडी गावे, धंदेवाईक नट नाहीत, ख्रिस्ताच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी, वृद्ध मरियेच्या भूमिकेत खुद्द दिग्दर्शकाची आई, आणि संवाद मत्तयाच्या ग्रंथातले. चित्रपट सुरू होतो तो मुक्याने. गरोदर मरिया योसेफाकडे पाहते. योसेफ तिच्याकडे पाहतो आणि एक अक्षर न बोलता निघून जातो. त्याच्या मनात काय चालले असेल हे कोणी सांगत नाही. धर्मशिक्षणाच्या तासाला यापरते अधिक काय हवे? येथे वर्ग थांबवावा, मुलांना विचारावे, आणि मग ग्रंथ उघडावा. पासोलिनीचे चित्र धावते खरे, पण त्याच्या पोटात थांबे आहेत. कॅथलिक चित्रपटसंस्थेने या अश्रद्धाच्या कृतीला त्याच वर्षी पारितोषिक दिले, यात त्या संस्थेची रसिकता दिसते.

आता ज्या चित्रपटाने मिशनच्या कार्यात सर्वांना मागे टाकले त्याकडे वळू. ‘जीझस’ हा १९७९ चा चित्रपट लूककृत शुभवर्तमानाला धरून, इस्राएलमध्ये, ब्रायन डीकन या इंग्रज नटाला घेऊन तयार झाला, आणि आजवर तो दोन हजारांहून अधिक भाषांत उतरला आहे. ही कामगिरी सामान्य नव्हे. अनेक लहान बोलीभाषांच्या लोकांनी आपली भाषा पडद्यावरून प्रथम ऐकली असेल ती याच चित्रपटात. ज्यांच्या भाषेला व्यासपीठ मिळत नाही त्यांना तिचे मोल विचारावे. आपण परप्रांतांत राहणाऱ्यांना ते वेगळे सांगणे नको. परंतु शिक्षणाचे साधन म्हणून पाहता या चित्रपटाची अडचण त्याच्या प्रामाणिकपणातच आहे. तो लूकचे प्रसंग एकामागून एक इमानाने दाखवीत जातो आणि कोठेही रेंगाळत नाही. मिशनच्या प्रतींत शेवटी निवेदक प्रेक्षकांना प्रार्थनेत सामील होण्याचे आवाहन करतो. म्हणजे जो प्रश्न अंगणात उभ्या असलेल्या थोरल्या भावाचा होता, त्याचे उत्तर पडद्यावरूनच तयार मिळते. प्रचाराच्या दृष्टीने यात वावगे काही नसेलही; पण प्रचार आणि शिक्षण यांच्यामधील सीमारेषा नेमकी येथून जाते.

यावर कोणी म्हणेल, की चित्रपटाने मनुष्य जागा होतो याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच घरात आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यातून पुढे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ निपजला. ख्रिस्तचरित्र डोळ्यांपुढून सरकत असता आपण मनात श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या पाहत होतो, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिले. आक्षेप रास्त आहे, पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. तो चित्रपट मुका होता; त्याच्या मुकेपणात फाळक्यांना आपले गोकुळ वसवावयास जागा सापडली. शिवाय ते गोकुळ त्यांनी पडद्यावरून घेतलेले नव्हते. ते कथापुराणांतून, कानांच्या वाटेने, कितीतरी आधी आत येऊन बसलेले होते. ज्याच्यापाशी आधीच कथा आहे त्याला चित्र जागे करते. ज्याच्यापाशी ती नाही, त्याच्यापुढे चित्र हेच कथेची जागा बळकावून बसते.

फाळक्यांनी ख्रिस्तपट पाहून पौराणिक चित्रपट निर्माण केला, आणि सहा-साडेसहा दशकांनी ख्रिस्तानेच पौराणिक चित्रपटाचा वेष धारण केला. १९७८ चा ‘करुणामयुडु’ हा तेलुगू चित्रपट, विजयचंदर यांनी त्यात ख्रिस्ताची भूमिका केली, हिंदीत ‘दयासागर’ म्हणून आला आणि फिरत्या पथकांनी तो खेडोपाडी नेला. दर्शन द्यावे तसे समोर उभे राहणे, संथ चाल, गाणी, हे सारे आपल्या भक्तिपटांचे वळण त्यात उतरले आहे. परदेशी टीकाकाराला ते भडक वाटेल. मला ते स्वाभाविक वाटते. फादर स्टीफन्सने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले तेव्हा त्यानेही हेच केले होते. या भूमीतील श्रोत्याचा कान ओळखून ओवी घेतली. गाण्याच्या वेळी कथा थांबते आणि प्रेक्षकाला मनातल्या मनात बोलावयास अवसर मिळतो. लूकचे प्रसंग न थांबता मांडणाऱ्या चित्रपटापेक्षा हा गाणारा चित्रपट काही ठिकाणी अधिक शिकवितो, तो या थांब्यांमुळे.

फिल्मस्ट्रिपची ही जी बाजू मी घेतली, ती आंधळेपणाने घेतली असे होऊ नये. चित्रकला म्हणून पाहता बहुतेक पट्ट्या सामान्य प्रतीच्या होत्या. परीटघडीचे झगे, नीट विंचरलेले केस, पॅलेस्टाइनच्या उन्हाने कधी न रापलेला गोरा ख्रिस्त, अशी ती चित्रे असत. त्याहून मोठा अपघात पुढे घडला. पट्टीबरोबर ग्रामोफोनची तबकडी आली. तबकडीतून निवेदकाचा घोटीव आवाज यावा, मध्ये घंटीचा नाद व्हावा, आणि नाद होताच शिक्षकाने कळ फिरवावी. ‘सोबतच्या सूचनांप्रमाणे कार्यवाही व्हावी’ या शेऱ्याखाली ज्यांची दिवसांमागून दिवस नोकरी होते, त्या आम्हा कचेरीतल्या माणसांना या शिक्षकाची स्थिती समजावून सांगावी लागणार नाही. पुढे तर नादाबरोबर चित्र आपोआप सरकविणारी यंत्रे निघाली आणि कळ फिरविण्याचे कामही उरले नाही. सोयीसाठी म्हणून जे आले, त्याने पट्टीचा एकुलता एक गुण हिरावून घेतला. १९८० नंतरच्या दशकात व्हिडिओ आला तेव्हा फिल्मस्ट्रिप मेली असे म्हणतात. माझ्या मते ती पहिली घंटी वाजली त्याच दिवशी निम्मी मेली होती.

हा प्रश्न ख्रिस्ती बांधवांपुरता नाही. वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराने १९४० साली काढलेल्या ख्रिस्ताच्या एका मुखचित्राच्या कोट्यवधी प्रती निघाल्या आणि असंख्य माणसांच्या प्रार्थनेला तोच एक चेहरा चिकटला. आपले तरी निराळे काय आहे? १९३६ च्या ‘संत तुकाराम’नंतर तुकोबा म्हटले की विष्णुपंत पागनिसांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, १९८७-८८ च्या दूरदर्शन मालिकेनंतर राम म्हटले की अरुण गोविलांचा. पागनिसांचे काम थोर आहे, म्हणून तो चेहरा जाचत नाही. पण गाथा न उघडता केवळ तो चेहरा ज्याला मिळाला, त्याला तुकाराम मिळाला असे म्हणावे काय? बदलीच्या गावी ज्या घरात आजी नाही, कीर्तन नाही, शेजारी मराठी शब्द नाही, तेथे मुलांना ही सारी माणसे पडद्यावरच भेटावयाची. पडदा बंद करा, असा उपदेश करण्यात अर्थ नाही. चर्चच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या या खटाटोपापासून आपण घ्यावयाचा धडा त्याहून साधा आहे.

आज प्रत्येकाच्या खिशातील यंत्राला चित्र थांबविण्याची कळ आहे. त्या जुन्या फिल्मस्ट्रिपला जे साधे, ते आज कोणत्याही घरात, कोणत्याही वर्गात साधता येईल. यंत्राची उणीव नाही. उणीव आहे ती शेजारी बसून ती कळ दाबणाऱ्या माणसाची. वाटसरू वाटेत घायाळ पडला आहे, याजक बाजूने निघून गेला, लेवीही निघून गेला. येथेच चित्र थांबवून ‘आता पुढून कोण येत असेल?’ असे मुलाला विचारणारा कोणी असला, तर तो चित्रपट धर्मशिक्षणाच्या कामी आला असे समजावे. तसा कोणी नसेल, तर शोमरोनी त्या जखमींवर पट्टी बांधील, चित्र पुढे धावेल, आणि मूल समाधानाने दुसरे काही पाहावयास घेईल.